पाळीतील वेदना, चॉकलेट सिस्ट आणि पिशवी काढण्याचा सल्ला : वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या सदरासाठी मराठवाड्यातून आलेली पाच पत्रे एंडोमेट्रिओसिस या एकाच आजाराविषयीची होती, म्हणून इतर प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून या वेळी त्यांचीच उत्तरे देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि नावे वगळली आहेत.

प्रत्येक उत्तरात तीच माहिती पुन्हा द्यावी लागू नये म्हणून आजाराची ओळख आधीच करून देते. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराशी मिळत्याजुळत्या पेशी जेव्हा गर्भाशयाच्या बाहेर, म्हणजे अंडाशयावर, गर्भाशय आणि गुदाशय यांच्यामधल्या खोलगट जागेत, पोटाच्या आतल्या पातळ आवरणावर, तर कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावर रुजतात, तेव्हा त्या स्थितीला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. या पेशी इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसल्या जातात, पाळीच्या चक्राबरोबर तेथे दाह होतो, रक्त पाझरते आणि कालांतराने आजूबाजूचे अवयव एकमेकांना चिकटतात. असे जुने रक्त अंडाशयात साचून गाठ झाली, तर आतल्या दाट तपकिरी द्रवामुळे तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. पाळीचे थोडे रक्त गर्भनलिकांतून उलट पोटात जाते आणि त्यातील पेशी तेथे रुजतात, हा सिद्धान्त अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन यांनी १९२०च्या दशकात मांडला आणि तो आजही मानला जातो; मात्र असे उलटे रक्त बहुतेक स्त्रियांच्या पोटात जाते आणि आजार साधारण दहांपैकी एकीलाच होतो, त्यामुळे आनुवंशिकता आणि रोगप्रतिकारशक्ती यांचाही त्यात वाटा असला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात सुमारे १९ कोटी स्त्रिया आणि मुली या आजाराने ग्रस्त आहेत.

प्रश्न : माझी मुलगी सतरा वर्षांची असून बारावी आणि नीटच्या तयारीसाठी लातूरला वसतिगृहात राहते. गेल्या दोन वर्षांपासून पाळीच्या आदल्या दिवसापासून तिचे ओटीपोट आणि कंबर इतकी दुखते की उलट्या होतात, शिकवणी बुडते आणि चाचणी परीक्षा हुकतात. पाळीच्या दिवसांत शौचालाही दुखते, असे ती अलीकडे सांगू लागली आहे. पोटावरून केलेली सोनोग्राफी दोन्ही वेळा नॉर्मल आली. लग्न होऊन मूल झाले की आपोआप थांबेल, असे आम्हाला सांगण्यात आले. मीही तरुणपणी असेच सोसले आहे आणि माझ्या सख्ख्या बहिणीची चॉकलेट सिस्टची शस्त्रक्रिया झाली आहे. सोनोग्राफी स्वच्छ असताना हा आजार असू शकतो का? (एक आई, जिंतूर तालुका)

उत्तर : असू शकतो, आणि आपण लिहिलेल्या लक्षणांवरून तो आहे असे धरूनच पुढे जाणे मला योग्य वाटते. सोनोग्राफीत चॉकलेट सिस्ट दिसते, तज्ज्ञ हातांना खोलवर रुजलेले आणि अवयव चिकटवणारे विकारही दिसतात. पण पोटाच्या आवरणावर पसरलेले काही मिलिमीटरचे ठिपके सोनोग्राफीत दिसत नाहीत आणि एमआरआयमध्येही बहुधा दिसत नाहीत. कोवळ्या वयातल्या मुलींमध्ये आजाराचे हेच रूप अधिक आढळते. त्यातच अविवाहित मुलींची तपासणी आपल्याकडे पोटावरूनच केली जाते आणि योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीइतका तपशील त्यात मिळत नाही, त्यामुळे 'नॉर्मल' या शब्दाचा अर्थ मोठी गाठ नाही एवढाच घ्यावा.

पाळीत थोडेफार दुखणे स्वाभाविक आहे. गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार होतात, त्यांनी स्नायू आकुंचन पावतात आणि पहिल्या एक-दोन दिवसांत कळा येतात. साधी वेदनाशामक गोळी घेतली की बहुतेक मुली शाळेत जाऊ शकतात. आपल्या मुलीच्या बाबतीत मात्र तीन गोष्टी वेगळ्या आहेत. दुखणे वर्षागणिक वाढते आहे, शौचाच्या वेळी होणारी वेदना पाळीशी बांधलेली आहे, आणि घरात आई व मावशी अशा दोघींचा इतिहास आहे. औषधांना दाद न देणाऱ्या पाळीच्या वेदना असलेल्या किशोरवयीन मुलींची दुर्बिणीतून तपासणी केली, तर त्यांपैकी किमान दोन-तृतीयांश मुलींमध्ये एंडोमेट्रिओसिस आढळतो, असे अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नमूद केले आहे.

पूर्वी निदानाचा नियम कडक होता: दुर्बिणीतून पोटात पाहून, तुकडा तपासल्याशिवाय आजाराचे नाव घ्यायचे नाही. या नियमामुळे, आणि त्याहून अधिक 'बाईच्या जातीला सोसावेच लागते' या समजुतीमुळे, पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत कित्येक देशांत सात-दहा वर्षे जात असल्याचे अभ्यासांत दिसून आले. युरोपातील मानवी प्रजनन व भ्रूणशास्त्र संस्थेने २०२२मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत हा नियम बदलला आहे. लक्षणे जुळत असतील, तर शस्त्रक्रियेची वाट न पाहता उपचार सुरू करावेत, आणि प्रतिमा-तपासणीत काही सापडले नाही व औषधांनी गुण आला नाही, किंवा औषधे देणे योग्य नसेल, तरच दुर्बिणीतून पाहावे, असे त्या सूचना सांगतात. हा बदल ग्रामीण भागासाठी मला फार मोलाचा वाटतो, कारण तालुक्याच्या ठिकाणीही त्यानुसार उपचार सुरू करता येतात.

मुलीच्या बाबतीत प्रत्यक्षात असे करावे. वेदना असह्य होण्याची वाट न पाहता, पाळीची चाहूल लागताच मेफेनामिक अॅसिड, आयबुप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेन यांपैकी एक औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, जेवणानंतर आणि ठरावीक अंतराने दोन-तीन दिवस घ्यावे. कळ आल्यावर एकच गोळी घेऊन पुन्हा थांबणे, ही आपल्याकडची पद्धत फारशी उपयोगाची नाही. जठराचा व्रण किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर ही औषधे टाळावी लागतात. दोन-तीन पाळ्यांत पुरेसा फरक पडला नाही, किंवा डॉक्टरांना आधीच आवश्यक वाटले, तर संप्रेरकांची गोळी सुरू करावी. डायनोजेस्ट (फक्त प्रोजेस्टिन या संप्रेरकाची गोळी) किंवा इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची संयुक्त गोळी यांपैकी कोणती द्यायची, हे तपासणी करून ठरते. दृष्टीला झळाळी येऊन डोके दुखण्याचा त्रास असेल किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असेल, तर संयुक्त गोळी देत नाहीत. अनेकदा ही गोळी खंड न पाडता दिली जाते, म्हणजे पाळीच येत नाही आणि दुखण्याला निमित्तच उरत नाही. या वयात हाडे अजून घडत असतात, त्यामुळे डायनोजेस्ट दीर्घकाळ द्यायचे असल्यास डॉक्टर हाडांकडेही लक्ष ठेवतील.

संयुक्त गोळी ही कुटुंबनियोजनाची म्हणून ओळखली जाते आणि अविवाहित मुलीला ती देण्यास आया कचरतात, हे मी जाणते. ती येथे औषध म्हणून दिली जात आहे. तिच्यामुळे पुढे वंध्यत्व येत नाही, आणि बंद केल्यावर पाळी व बीजनिर्मिती पूर्ववत होते. तीन ते सहा महिन्यांत गुण आला नाही तर एमआरआय आणि त्यानंतर, गरज असल्यास, या आजाराच्या शस्त्रक्रियेचा अनुभव असलेल्या तज्ज्ञांकडून दुर्बिणीतून तपासणी, असा क्रम ठेवावा.

लग्न हा या आजाराचा उपचार नाही. गरोदरपणात पाळी थांबते म्हणून काहींना तात्पुरते बरे वाटते, प्रत्येकीला तसे वाटतेच असे नाही, आणि नंतर आजार बहुधा परत डोके वर काढतो. केवळ दुखणे थांबावे म्हणून गर्भधारणेचा सल्ला देऊ नये, असे वर उल्लेखलेल्या सूचनांतही स्पष्ट म्हटले आहे. मुलीला एका वहीत पाळीची तारीख, कोणत्या दिवशी किती दुखले, शौच-लघवीला त्रास झाला का, कोणती गोळी किती वाजता घेतली आणि शिकवणी बुडाली का, एवढे लिहून ठेवायला सांगा. ती वही सोनोग्राफीच्या दोन अहवालांपेक्षा डॉक्टरांना जास्त काही सांगेल. वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनाही आपण स्वतः बोलून कल्पना द्यावी. तेथे मुलींना पाळीचे दुखणे 'कारण' म्हणून सांगण्याचा संकोच वाटतो आणि गोळीच्या वेळा चुकतात.

प्रश्न : माझे वय २९ आहे. लग्नाला चार वर्षे झाली, मूल नाही. पाळीत दुखते, पण गोळीने थांबते. सोनोग्राफीत डाव्या अंडाशयात साडेचार सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट निघाली. सीए-१२५ ही रक्ततपासणी ७८ आली, त्यामुळे घरचे सगळे कर्करोगाच्या भीतीने हवालदिल झाले आहेत. एका डॉक्टरांनी लगेच शस्त्रक्रिया सुचवली, दुसऱ्यांनी थेट टेस्ट ट्यूब बेबी, तर तिसऱ्यांनी सहा महिने इंजेक्शने. कोणाचे ऐकावे? (नांदेड)

उत्तर : आधी भीतीबद्दल. सीए-१२५ची नेहमीची मर्यादा ३५ मानली जाते, परंतु चॉकलेट सिस्ट, गर्भाशयातील गाठी, ओटीपोटातील जंतुसंसर्ग, पोटाचा क्षयरोग, इतकेच नव्हे तर चालू पाळी, यांपैकी कशानेही हा आकडा वाढतो. आपल्या वयात आणि सोनोग्राफीत गाठीचे रूप नेहमीच्या चॉकलेट सिस्टसारखे असताना ७८ या आकड्याने कर्करोग सिद्ध होत नाही. एंडोमेट्रिओसिसच्या निदानासाठी ही तपासणी करूच नये, असा आता सल्ला आहे. या आजारात अंडाशयाच्या कर्करोगाची शक्यता किंचित वाढते हे खरे. पण मुळातच ती इतकी कमी असते की वाढूनही दोन टक्क्यांच्या आतच राहते. गाठीत रक्तपुरवठा असलेला घट्ट भाग दिसला, तर मात्र वेगळा विचार करावा लागतो. आपल्या अहवालात तसा उल्लेख आहे का, हे सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना विचारून घ्या.

क्षयरोगाचा उल्लेख मी सहज केलेला नाही. आपल्या देशात मूल न होणे, ओटीपोटात दुखणे आणि वाढलेला सीए-१२५, हे तिन्ही जननेंद्रियांच्या क्षयरोगातही आढळते. पाळीला जाणारे रक्त अलीकडे कमी झाले असेल, वजन घटत असेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल किंवा घरात कोणाला क्षयरोग झालेला असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना घेऊन जनुकीय चाचणी करता येते आणि क्षयरोग निघाल्यास औषधे सरकारी कार्यक्रमातून विनामूल्य मिळतात.

आता तीन सल्ल्यांविषयी. आपल्या पत्रात चार वर्षांच्या सगळ्या तपासण्या आहेत. पतीची वीर्यतपासणी मात्र कोठेच नाही. मूल न होण्याची चर्चा आपल्याकडे सुनेच्या पोटापासून सुरू होते आणि बहुतेकदा तेथेच संपते. ही सर्वांत स्वस्त आणि सोपी तपासणी आधी व्हायला हवी, कारण तिच्या निकालावर पुढचा सगळा निर्णय फिरू शकतो. तिच्याबरोबर आपली एएमएच ही रक्ततपासणी, म्हणजे अंडाशयातील शिल्लक बीजांचा अंदाज, आणि गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहणारी तपासणी करून घ्यावी.

सहा महिन्यांची इंजेक्शने, किंवा पाळी थांबवणारी कोणतीही औषधे, दुखणे कमी करतात. गर्भधारणेची शक्यता मात्र वाढवत नाहीत, उलट औषध चालू असेपर्यंत बीज तयार होत नाही आणि वय पुढे सरकते. आपले दुखणे साध्या गोळीने आवरते, म्हणून हा सल्ला मी आपल्यासाठी मागे ठेवीन. शस्त्रक्रियेच्या दोन बाजू आहेत. दुर्बिणीतून गाठीचे आवरण नीट सोलून काढले तर नैसर्गिक गर्भधारणेची शक्यता वाढू शकते, गाठ परत होण्याचे प्रमाण नुसता द्रव उपसण्यापेक्षा कमी राहते, आणि चिकटलेले भाग मोकळे करता येतात. पण आवरण सोलताना त्याला लागून असलेली निरोगी बीजेही जातात आणि एएमएच घसरतो. म्हणून एएमएच आधीच कमी असेल, दोन्ही अंडाशयांत गाठी असतील किंवा पूर्वी एकदा शस्त्रक्रिया झालेली असेल, तर हात आखडता घेतला जातो. टेस्ट ट्यूब बेबी करण्यापूर्वी केवळ यशाचे प्रमाण वाढावे म्हणून चॉकलेट सिस्ट काढण्याची गरज नसते, असे सध्याचे मत आहे. दुखणे फार असेल किंवा गाठीमुळे बीज काढण्याच्या सुईला वाट मिळत नसेल, तर गोष्ट निराळी.

यावरून माझे मत असे. पतीची तपासणी ठीक, नलिका मोकळ्या आणि एएमएच चांगला असेल, तर आपल्या वयात अनुभवी हातांनी एकच, नीट केलेली शस्त्रक्रिया आणि त्यानंतर लगेच गर्भधारणेचे प्रयत्न हा रास्त मार्ग आहे. त्या वेळी पोटातल्या स्थितीवरून नैसर्गिक गर्भधारणेच्या शक्यतेचे गुणांकनही करता येते आणि किती महिने वाट पाहायची ते ठरते. एएमएच कमी असेल, नलिका बंद असतील किंवा पतीच्या तपासणीत मोठा दोष निघाला, तर गाठीला हात न लावता टेस्ट ट्यूब बेबीकडे वळणे शहाणपणाचे. म्हणजे पहिले दोन्ही डॉक्टर चुकीचे असतीलच असे नाही. त्यांच्यासमोर आपली अर्धी माहितीच होती. शस्त्रक्रिया ठरलीच तर 'तुम्ही द्रव उपसणार की आवरण काढणार' आणि 'आतड्याला चिकटलेले निघाले तर काय करणार', हे दोन प्रश्न आधी विचारा.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. आमच्या वाडीतील चौतीस वर्षांच्या ऊसतोड कामगार बाईंना पाळीत आणि संबंधाच्या वेळी पोटात फार दुखते, अंगावरून जास्त जाते, अधूनमधून पांढरेही जाते. दोन मुले आहेत, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली आहे. एका खासगी दवाखान्यात 'पिशवी खराब झाली आहे, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल' असे सांगितले. दिवाळीनंतर कारखान्यावर जायचे असल्याने, मुकादमाची उचल मिळताच पिशवी काढून मोकळे व्हावे, असे त्यांच्या घरी ठरत आहे. मी त्यांना काय सांगू? (धारूर तालुका, जि. बीड)

उत्तर : आपण वेळेवर लिहिले. बीड जिल्ह्याला या प्रश्नाची ओळख करून देण्याची गरज नाही. २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या निमित्ताने झालेल्या पाहणीत जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड कामगार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले होते. खाड्याचा दंड, फडात पाणी नाही, आडोसा नाही, आणि पाळीतही मोळी उचलावी लागते, या परिस्थितीत 'कटकट एकदाची जाऊ दे' असे एखादीला वाटले तर तिला दोष देता येणार नाही. दोष देण्याजोगे आहे ते कॅन्सरची खोटी भीती घालणे.

पांढरे जाणे हे बहुतेक वेळा जंतुसंसर्गामुळे असते आणि त्यावरची औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची शंका असेल तर व्हिनेगरने करायची साधी तपासणी किंवा पॅप तपासणी करून ती दूर करता येते. 'पिशवी खराब झाली' हे निदान नव्हे. अहवालात काय लिहिले आहे, अस्तराची जाडी किती, गाठ कोठे आणि केवढी, हे लेखी मागावे.

लक्षणांवरून एंडोमेट्रिओसिस किंवा त्याचे भावंड म्हणता येईल असा अॅडिनोमायोसिस, ज्यात अस्तराच्या पेशी गर्भाशयाच्या स्नायूतच शिरतात, यांपैकी एक किंवा दोन्ही असण्याची शक्यता आहे. हा फरक महत्त्वाचा आहे. अॅडिनोमायोसिस गर्भाशयात असतो, त्यामुळे गर्भाशय काढल्याने तो जातो. एंडोमेट्रिओसिस गर्भाशयाबाहेर असतो. बाहेरचे विकार तसेच ठेवून नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण दुखणे मागे राहू शकते. आणि पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली, जी आपल्याकडे अनेकदा न विचारता काढली जातात, तर चौतिसाव्या वर्षी रजोनिवृत्ती येते. अंगातून वाफा निघणे, झोप उडणे हा त्रास तर होतोच; हाडे ठिसूळ होणे आणि हृदयविकाराचा धोका वाढणे हे त्याहून गंभीर आहे. कोयता चालवून आणि मोळ्या वाहून पोट भरणाऱ्या बाईची हाडे दहा-पंधरा वर्षे आधी झिजली, तर तिच्या मजुरीवरच घाव बसतो. अंडाशये ठेवली तरीही रजोनिवृत्ती काहीशी लवकर येण्याची शक्यता असते.

त्यांच्यासाठी तीन पर्याय आधी वापरून पाहण्यासारखे आहेत. पहिला, लेव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक सोडणारे गर्भाशयातील साधन. ते पाच वर्षे काम करते, रक्तस्राव आणि दुखणे दोन्ही कमी करते आणि रोज गोळी लक्षात ठेवावी लागत नाही, त्यामुळे सहा महिने फडावर राहणाऱ्या बाईला ते सोयीचे पडते. पहिले तीन-चार महिने थोडे डाग पडतात, हे आधीच सांगावे, नाहीतर बाई ते काढून घेते. हे साधन म्हणजे तांबी नव्हे. तांबीने उलट रक्तस्राव आणि दुखणे वाढू शकते. 'माझे ऑपरेशन झाले आहे, मग हे कशाला', असा प्रश्न येईल. येथे ते गर्भनिरोधनासाठी बसवलेले नाही, उपचार म्हणून बसवलेले आहे. दुसरा पर्याय सरकारी केंद्रांत 'अंतरा' या नावाने विनामूल्य मिळणारे, तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे इंजेक्शन. त्यातील औषध एंडोमेट्रिओसिसच्या वेदनेवरही चालते, मात्र अनेक वर्षे सलग घेतल्यास हाडांची घनता घटते, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावे. तिसरा पर्याय डायनोजेस्ट किंवा नॉरइथिस्टेरॉनची गोळी. जास्त जाणाऱ्या रक्तामुळे हिमोग्लोबिन किती घसरले आहे, तेही पाहून लोहाच्या गोळ्या सुरू कराव्यात.

हे सर्व नीट करूनही दुखणे आवरले नाही, पुढे मूल नकोच आहे, आणि तपासणीत विकार स्पष्ट आहे, तर गर्भाशय काढण्याचा निर्णय चुकीचा ठरत नाही. मी त्याच्या सरसकट विरोधात नाही. पण तो अशा डॉक्टरांकडे व्हावा जे त्याच वेळी बाहेरचे विकारही काढतील आणि अंडाशयांबाबत आधी बाईंशी बोलतील. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्र सरकारने २०२२मध्ये सूचना काढल्या आहेत आणि त्या तीन महिन्यांत लागू कराव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३मध्ये राज्यांना सांगितले; चाळिशीच्या आतल्या बाईवर ही शस्त्रक्रिया करण्यापूर्वी दुसरे मत घेणे हा तिचा हक्कच समजावा. आपल्याला अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. तेथील स्त्रीरोग विभागात उचल हाती येण्याच्या आधी, म्हणजे पैशाचा आणि वेळेचा ताण नसताना, बाईंना घेऊन जा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत काय बसते, हे तेथील आरोग्यमित्राला विचारता येईल. शिधापत्रिका आणि आधार कार्ड बरोबर असू द्या.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी सिझेरियन झाले. टाक्याच्या एका टोकाला लिंबाएवढी कडक गाठ आली आहे, पाळी आली की ती फुगते आणि ठणकते, पाळी गेली की कमी होते. हर्निया असावा असे सांगितले गेले. (वसमत)

उत्तर : पाळीबरोबर फुगणारी आणि ठणकणारी टाक्यावरची गाठ ही बहुधा टाक्यातील एंडोमेट्रिओसिस असते. सिझेरियनच्या वेळी अस्तराच्या काही पेशी पोटाच्या भिंतीत राहून तेथे वाढतात. हर्निया खोकल्यावर फुगतो, त्याचा पाळीशी संबंध नसतो. त्या जागेची सोनोग्राफी पुरते, क्वचित सुईने नमुना घ्यावा लागतो. औषधांनी ही गाठ सहसा जात नाही. भोवतीचा थोडा निरोगी भाग घेऊन ती काढणे हाच उपाय आहे, आणि गाठ जितकी लहान असताना काढली जाते तितकी पोटाची भिंत कमी कापावी लागते. फार मोठी झाली तर जाळी बसवण्याची वेळ येते, म्हणून आता थांबू नये.

प्रश्न : चॉकलेट सिस्टची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टरांनी डायनोजेस्टची गोळी सुरू केली, त्याला आठ महिने झाले. एक मुलगा आहे, सध्या दुसरे मूल नको. दुखणे पूर्ण थांबले आहे. पण पाळी येत नाही, कधीकधी डाग पडतात, वजन थोडे वाढले आहे. सासूबाई म्हणतात की विटाळाचे रक्त आत साचून राहते आणि तेच पुढे गाठ होते. गोळी बंद करू का? आहार किंवा काढ्याने हा आजार बरा होतो का? (धाराशिव)

उत्तर : गोळी स्वतःहून बंद करू नका. डायनोजेस्टमुळे गर्भाशयाचे अस्तर पातळ राहते, ते वाढतच नाही, म्हणून बाहेर पडायलाही काही नसते. आत रक्त साचत नाही. सासूबाईंची भीती अनेक घरांत आहे, तेव्हा त्यांनाही पुढच्या तपासणीला बरोबर न्या आणि सोनोग्राफीच्या पडद्यावरचे पातळ अस्तर त्यांना दाखवायला डॉक्टरांना सांगा. शस्त्रक्रियेनंतर कोणतेही औषध न घेतल्यास पाच वर्षांत ४० ते ५० टक्क्यांपर्यंत स्त्रियांमध्ये आजार परत येतो. गोळी हे प्रमाण खाली आणण्यासाठीच दिलेली आहे. ती रोज ठरावीक वेळी घ्यावी, कारण वेळा चुकल्या की डाग वाढतात. ही गोळी गर्भनिरोधक म्हणून मान्य नाही, त्यामुळे दुसरे मूल नको असेल तोपर्यंत निरोधसारखे संप्रेरकविरहित साधन वापरावे. वजनापेक्षा मनःस्थितीवर अधिक लक्ष ठेवा. सतत उदास वाटणे, रडू येणे, कशातच मन न लागणे असे होऊ लागले तर लगेच डॉक्टरांना कळवावे, दुसरे औषध देता येते.

आहाराने किंवा काढ्याने हा आजार बरा झाल्याचा भरवशाचा पुरावा नाही. पोट शेकणे, चालणे आणि नियमित व्यायाम यांनी दुखणे सोसण्यास मदत होते, ते जरूर करावे. ज्या पुडीवर घटक लिहिलेले नाहीत अशी औषधे मात्र घेऊ नयेत, कारण त्यांत संप्रेरके किंवा जड धातू असू शकतात आणि आपल्या चालू गोळीचा हिशेबच त्याने बिघडतो. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करताना एकदा मूत्रपिंडेही पाहायला सांगा. खोलवरचा आजार कधीकधी मूत्रवाहिनी आवळतो आणि मूत्रपिंड काहीही न दुखता निकामी होत जाते. त्याच तपासणीत दोन मिनिटे अधिक दिली तर ते वेळीच कळते.